जर्मनचं बॉनेट

"धर नीट. शेवटचा नट हाय," मी बॉनेटच्या खालून म्हणालो.

"धरलंय की. तुम्ही सोडा," मालन म्हणाली.

मी पान्याला हिसका दिला आणि बिजागरी सुटली. माझं डोकं इंजिनाच्या खड्ड्यात होतं, त्यामुळे बॉनेटचं वजन माझ्या हातावर आलंच नाही. ते सगळं मालननं घेतलं. मी बाहेर येऊन हात पुसेपर्यंत ती बॉनेट डोक्यावर घेऊन हौदाकडे निघालीसुद्धा होती. सकाळपासून तिनं दोन्ही मडगार्ड असेच नेले होते, डोक्यावर चुंबळ ठेवून. तेव्हा तिची मान आखडली होती, पावलं जड पडत होती. आता ती सरळ चालत होती, एकच हात वर लावून. हे मला दिसलं. मी त्यावर विचार केला नाही.

ही एकोणीसशे एक्क्याण्णवची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं. मालन माझी बायको. आम्ही दोघंच काम करायचो. जुन्या गाडीचा रंग काढायला बाकीचे लोक पत्रा बत्तीनं जाळायचे, नाहीतर दिवसचे दिवस घासत बसायचे. माझ्याकडे आठ फुटी लोखंडी हौद होता, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि खाली लाकडाची भट्टी. गाडीचा भाग गरम सोड्यात बुडवला की दोन-तीन तासांत रंग सालीसारखा सुटायचा. मग धुणं, मग गंजाला अॅसिडचा हात, पुन्हा धुणं आणि सुकल्या सुकल्या वर रेड ऑक्साइडचा अस्तर-रंग. धुण्याचं काम मालनचं. हातात रबरी मोजे, पायात माझे जुने गमबूट, पदर कमरेला खोचलेला. धुतलेल्या पत्र्यावर हात फिरवून "अजून बुळबुळतंय, सोडा गेला न्हाई" असं ती म्हणायची आणि ते बरोबर असायचं. लोक मला मिस्त्री म्हणायचे. तिलाही मिस्त्रीणबाई म्हणायचे, पण ते माझी बायको म्हणून.

गाडी हेर्लेकर सरांची होती. सर मिरजेच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. जुनी ऑस्टिन, त्यांच्या वडिलांनी मोडीत घेतलेली. वडील गेल्यावर पंधरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गाडी आणली त्याच दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मिस्त्री, यातलं काहीही बदला, माझी हरकत नाही. फक्त बॉनेट जपा. ते कंपनीचं नाही. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा तिला बॉनेटच नव्हतं. हे त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकलंय."

"डेंटर होते का ते?" मी विचारलं होतं.

"हो, तसंच काहीसं," सर म्हणाले आणि टायरकडे बघायला लागले. "आईची इच्छा आहे, नवा रंग लावायच्या आधी उघडा पत्रा एकदा बघायचा. त्यावर त्यांच्या हातोडीच्या खुणा आहेत म्हणते. तिचं वय झालंय. तेवढं एक करा माझ्यासाठी."

मी शब्द दिला होता.

त्या दिवशी दुपारी दोनला सर आईला घेऊन येणार होते. पण त्यांना राहवलं नाही, म्हणून सकाळी एकटेच येऊन शेडमध्ये उभे होते. शेजारी इस्माईल होता. त्याचं सीटकामाचं दुकान आमच्या भिंतीला लागून. हातातलं काम टाकून गप्पा मारायला यायची त्याची सवय. तासभर त्याचा एकच धोशा चालला होता.

"सर, मी सांगतो, ही गाडी जर्मन. दरवाजाचा आवाज ऐका." त्यानं दरवाजा आपटून दाखवला. "असा आवाज फक्त जर्मन गाडीचा."

"अहो ऑस्टिन म्हणजे इंग्लंड," सर हसून म्हणाले. "कागद आहेत माझ्याकडे."

"कागदाचं सोडा सर. कागदावर माझं वय बी चाळीस हाय."

मालननं बॉनेट हौदाजवळच्या बाकड्यावर ठेवलं. चुंबळ काढली. मग बोटाच्या पेरानं बॉनेटवर दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, बाजारात भांडं घेताना बायका करतात तसं. आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आवं, ह्ये जर्मनचं हाय."

इस्माईलनं टाळीच वाजवली. "बघा सर! वहिनी पण माझ्या पार्टीत. दोन मतं झाली!"

सर हसले. इस्माईल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

"अगं, सर कॉलेजात शिकिवत्यात," मी म्हणालो. "त्यांच्यापरास तुला जास्त कळतंय व्हय? इंग्लंडची हाय गाडी. लंडन, लंडन!"

"गाडीचं न्हाई म्हणत म्या. ह्ये बॉनेट—"

"गाडी लंडनची आन् बॉनेट जर्मनीचं! कुठल्या कॉलेजात गेलतीस गं?"

पुन्हा हसणं झालं. मालन दुसरीपर्यंत शिकलेली. सरांनी हसू आवरलं आणि "असू दे, असू दे" म्हणाले. मालन भिंतीकडे गेली. खिळ्याला दोरीनं लाऊडस्पीकरचं एक लोहचुंबक टांगलेलं असायचं. पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, कुठं भरलीय हे बघायला मी ते वापरायचो. लांबी जाड असली की चुंबक धरत नाही. तिनं ते काढलं आणि बॉनेटला लावलं. चुंबक घसरून खाली आलं. दुसरीकडे लावलं. तिथूनही घसरलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"लांबी भरलीय बोट-बोटभर," मी सरांना म्हणालो. "जुनं काम. आत पत्रा चांगला असणार. काळजी करू नका."

"तुम्हीच बघा, तुमचा विषय आहे," सर म्हणाले. घड्याळात बघून ते आईला आणायला बसस्टँडकडे निघाले. इस्माईलही त्याच्या दुकानात गेला.

आम्ही दोघंच राहिलो. मालन बाकड्यापाशीच उभी होती.

"एकडाव हातानं उचलून तरी बघा," ती हळू म्हणाली.

"मला शिकवू नको. पंधरा वर्सं ह्येच करतोय."

"मग म्या न्हाई टाकणार ह्ये सोड्यात. जर्मन सोड्यात—"

"पुन्हा जर्मन!" मी ओरडलो. पलीकडच्या लेथवरचा माणूस मान वर करून बघायला लागला, एवढ्या मोठ्यानं. "चारचौघांत हसं करून घेतलंस तेवढं पुरं न्हाई झालं? परत तो शब्द काढलास तर बघ."

तिनं हातातले मोजे काढले, हौदाच्या काठावर ठेवले आणि बाहेर नळाजवळ जाऊन बसली.

मी बॉनेटच्या दोन्ही भोकांत हूक अडकवले, बाकडं पुढं ढकललं आणि चेनपुली ओढली. पुलीवर वजन हाताला कळत नाही. दोन किलो असो की वीस, चेन सारखीच चालते. बॉनेट वर उचललं गेलं, हौदावर आलं आणि मी ते सावकाश आत सोडलं. लगेच बुडबुडे यायला लागले. जुना रंग, जाड लांबी, बुडबुडे यायचेच. मी भट्टीत दोन लाकडं सारली, हौदावर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि सायकल काढली. रेड ऑक्साइड संपलं होतं. लक्ष्मीपुरीत जाऊन यायचं होतं.

जाताना मालनला म्हणालो, "मी येईपर्यंत झाकण काढू नको. तापमान उतरतं."

ती नळाकडे तोंड करून बसली होती.

लक्ष्मीपुरीत रंगवाल्याशी बोलत बसलो. मग चहा झाला. येताना एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला. दीड-पावणेदोन तास गेले असतील. शेडच्या कोपऱ्यावर वळलो तेव्हाच मला वास आला. रंगाचा नाही, वेगळा, घशात बसणारा.

हौदाचं झाकण खाली पडलं होतं. काठावरून काळा फेस उतू जाऊन जमिनीवर पसरला होता, त्यानं भट्टी विझली होती. मालन दोन्ही हातांनी चेन धरून उभी होती. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते. पदराला भोकं पडली होती. वर हुकाला बॉनेट लटकत होतं. म्हणजे बॉनेटचं जे राहिलं होतं ते. कडा गेल्या होत्या. बाकीचा पत्रा काळा पडून चाळणीसारखा झाला होता. फक्त मध्ये, जिथं लांबी खरंच जाड होती तिथं, परातीएवढा तुकडा शाबूत दिसत होता.

"फेस बघितला आन् चेन वढली," ती म्हणाली. "एवढंच ऱ्हायलंय."

मी पुढं होऊन त्या पत्र्याला खालून हात लावला आणि उचललं. कागदासारखं हलकं.

तेव्हा मला तिचा शब्द ऐकू आला.

आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. मी जन्मापासून हा शब्द ऐकत आलो होतो. आमच्या लग्नात तिच्या मामानं जर्मनचं मोठं पातेलं आहेर दिलं होतं, आणि ते मीच सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं होतं. जर्मनच्या भांड्याला सोडा लावायचा नाही, काळं पडतं, खाल्लं जातं, हे भांडी घासणारी कुठलीही बाई सांगेल. मलाही माहीत होतं. पण विलायती गाडी, समोर कॉलेजचे सर, आणि इस्माईलची बडबड, यात मला जर्मन म्हणजे देशच ऐकू आला. आणि दुसऱ्यांदा तिनं सोड्याचं नाव घेऊन सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी ऐकलंच नाही.

"आता सरांना काय सांगायचं?" मी म्हणालो.

"झालं ते सांगायचं," मालन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

सर आधी उतरले. मग त्यांनी हात देऊन आईंना उतरवलं. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या. हातात पिशवी होती. नंतर कळलं, त्यात नारळ आणि हळदकुंकू होतं. पत्र्याची पूजा करायची होती त्यांना.

"कुठाय?" त्यांनी आत येता येता विचारलं.

सरांनी हुकाकडे बघितलं, मग हौदाकडे, मग माझ्याकडे.

आई पुढं झाल्या. त्या लटकणाऱ्या पत्र्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि हात पुढं केला.

"थांबा आई, हात लावू नगा," मालन पटकन म्हणाली. "सोडा हाय अजून. भाजंल."

तिनं चेन खाली घेतली. हूक काढले. परातीएवढा मधला तुकडा सहज सुटून हातात आला, एवढा बाकीचा पत्रा कुजला होता. तो तुकडा ती नळाखाली घेऊन बसली. मोजे न घालताच धूत होती. पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होती, बुळबुळ जाते की नाही.

"कुणी घातलं हे सोड्यात?" आईंनी विचारलं. त्या कुणा एकाला विचारत नव्हत्या. शेडलाच विचारत होत्या.

इस्माईल आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला होता. लेथवरचा माणूसही आला होता. सर माझ्याकडे बघत होते. मी दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होता. मालनचे ओले हात, भोकं पडलेला पदर, लाल झालेला हात, हे सगळ्यांना दिसत होतं. माझे कपडे कोरडे होते. माझ्या हातात रेड ऑक्साइडचा नवा डबा होता.

"हिनं," मी म्हणालो. "मी रंग आणायला गेलो होतो. मी नसताना हिनं घातलं. मला विचारलं नाही."

मालननं मान वर केली नाही. तिचा धुणारा हात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

तिनं तुकडा पदराच्या कोरड्या भागानं पुसला आणि आईंच्या हातात दिला. आईंनी तो उजेडात धरला. काळपट थराखाली हातोडीचे छोटे छोटे गोल ठसे दिसत होते, ओळीनं, एकासारखा एक. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हा त्यांचाच हात," त्या म्हणाल्या. "जर्मनचा पत्रा. आमचं जर्मनच्या भांड्यांचं दुकान होतं बाबा. दिवसभर पातेली ठोकायचे आणि दुकान बंद झालं की हे घेऊन बसायचे. लोखंडाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, माझ्या हाताला जर्मनची सवय."

जर्मन. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारला. सरांनी एकदम मान वर केली. सकाळी ते तिथंच उभे होते. तेही हसले होते. वडील भांडी ठोकायचे हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं हे त्या वेळी त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आमची नजरानजर झाली. त्यांनी बोलावं असं मला वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. इस्माईल दारातून कधी गेला ते कळलं नाही.

आई मालनकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"भांडी घासणारी बाई तू. रोज हातात घेत असशील. तुला जर्मन ओळखू आलं नाही व्हय गं?"

मालन उभी होती. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही.

"न्हाई आलं, आई," ती म्हणाली. "चुकलं माझं."

आईंनी तुकडा पिशवीत ठेवला, नारळाच्या बाजूला. जाताना मालनच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "त्याला खोबरेल लाव." मग रिक्षा गेली.

मी सरांना नवीन बॉनेट करून दिलं. लोखंडी पत्र्याचं, महिनाभर खपून, फोटो बघून. रंग लावल्यावर कुणालाही फरक कळला नसता. चुंबक लावलं तर त्यानं धरलं असतं, एवढाच. सर गाडी घेऊन गेले तेव्हा माझ्याशी बोलले, मालनशी नाही. तिच्यासमोर त्यांना उभं राहवत नव्हतं. मला मात्र तिच्यासमोर रोज जेवायला बसायचं होतं.

त्या दिवशी घरी जाताना ती सायकलवर बसली नाही, चालत आली. रात्री मी म्हणालो, "माझ्या तोंडातून निघून गेलं. सगळे बघत होते..."

"भाकरी किती टाकू?" तिनं विचारलं.

"दोन."

तेवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी शेडवर आली, मोजे घातले, कामाला लागली. हाताचे चट्टे महिन्याभरात गेले, कोपराजवळ एक पांढरा डाग तेवढा राहिला. मला वाटलं, विसरली.

मग एक दिवस ती शैलाला, आमच्या मुलीला, म्हणाली, "ते आल्मिनमचं पातेलं आण गं."

शैला तेव्हा नऊ वर्षांची. ती खोखो हसली. "आल्मिनम! आई इंग्लिश बोलायला लागली!"

पुढं घरात तो खेळच झाला. मुलं मुद्दाम विचारायची, "आई, हे कशाचं?" आणि ती म्हणायची, "आल्मिनमचं." शेजारणी चेष्टा करायच्या, तिची बहीण चेष्टा करायची. मुलं माझ्याकडे बघून हसायची, म्हणून मीही हसायचो. जीभ वळत नसताना ती तो शब्द ओढून ओढून म्हणायची. सव्वीस वर्षं. जर्मन हा शब्द मी तिच्या तोंडून परत ऐकला नाही. मीच सांगितलं होतं तिला, परत तो शब्द काढलास तर बघ.

गेल्या श्रावणात मालन गेली. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. चहा ठेवायचा होता. शेजारची एक बाई स्वयंपाकघरातून ओरडली, "शैला, जर्मनचं मोठं पातेलं कुठाय गं?"

मी भिंतीला टेकून बसलो होतो. शैलानं फळीवरून पातेलं काढलं, तेच, मामाच्या आहेराचं. ते देऊन आली आणि माझ्याजवळ बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"बाबा, आई जर्मन कधीच म्हणायची नाही, नाही का? आजीसुद्धा जर्मन म्हणायची, मावशीही म्हणते. आईच तेवढी आल्मिनम. कुठून आणला असेल तिनं हा शब्द?"

मी तिच्याकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं.

"शेडवर शिकली असेल," शैलाच म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "तिथंच शिकली."